दारू : 'अजून व्यसनी नाही' अशा माणसांचं काय? (गोव्यातल्या एका संशोधनाबद्दल)

आंबोलीघाट

दारूचा विषय निघाला की आपल्यापुढे दोनच माणसं येतात. एक, सणासुदीला मित्रांबरोबर दोन पेग घेऊन गुपचूप झोपणारा. दुसरा, गटाराच्या कडेला पडलेला. पहिल्याला काही सांगायची गरज नाही आणि दुसऱ्याला केंद्रात भरती करा, इथे आपला विचार संपतो. या दोघांच्या मध्ये जी प्रचंड संख्या आहे, तिच्याबद्दल मला लिहायचं आहे. यांची नोकरी टिकलेली असते, हप्ते भरले जातात. पण शनिवारी रात्री घरात आदळआपट होते, सोमवारी कामावर दांडी पडते, आणि 'पित्त झालंय' म्हणून दर महिन्याला सरकारी दवाखान्याची वारी असते. मी तळकोकणात वैद्यकीय समाजसेविका आहे. ओपीडीत मला रोज दिसतात ती हीच माणसं. त्यांना पित्ताची गोळी मिळते, 'दारू कमी करा' एवढं वाक्य मिळतं, आणि पुढचा नंबर पुकारला जातो. डॉक्टरांना दोष देत नाही. बाहेर रांग केवढी असते ते मी बघते.

आमच्या शेजारी, गोव्यात, याच माणसांवर एक फार चांगलं संशोधन झालं. 'संगाथ' या संस्थेने २०१३ ते २०१५ या काळात गोव्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या पुरुषांना दारूबद्दल दहा प्रश्न विचारले. ही 'ऑडिट' नावाची जागतिक आरोग्य संघटनेची प्रश्नावली. एकूण गुण ४०. साधारण ८ च्या वर गेलात तर पिणं धोक्याचं, २० च्या वर गेलात तर बहुधा शरीर दारूवर अवलंबून. संशोधकांनी मुद्दाम १२ ते १९ गुणांची माणसं घेतली. म्हणजे आपली मधलीच. असे ३७७ पुरुष. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार जरा नीट करून दिले, दुसऱ्या गटाला त्याशिवाय समुपदेशन.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते समुपदेशन कोणी केलं हे. ना मानसोपचारतज्ज्ञांनी, ना एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) झालेल्यांनी. स्थानिक, आपल्या भाषेत बोलणारी, या क्षेत्राचं कसलंही आधीचं शिक्षण नसलेली माणसं निवडून त्यांना प्रशिक्षण दिलं आणि त्यांच्या कामावर नियमित देखरेख ठेवली. जास्तीत जास्त चार बैठका, प्रत्येकी अर्धा ते पाऊण तास, दवाखान्यात नाहीतर त्या माणसाच्या घरी. आधी त्याच्या पिण्याचा नीट हिशेब मांडून त्यालाच दाखवायचा. मग कधी, कोणाबरोबर, कशामुळे पिणं होतं ते शोधायचं, नाही म्हणायचा सराव करायचा, तलफ आली तर काय करायचं ते ठरवायचं. शेवटी पुन्हा घसरलो तर सावरायचं कसं. भाषण नाही, शपथ नाही, मुलाच्या डोक्यावर हात ठेवायला लावणं नाही.

तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्या गटातले ३६ टक्के धोक्याच्या पातळीखाली आले, दुसऱ्या गटातले २६ टक्के. मागच्या चौदा दिवसांत थेंबही न घेतलेले ४२ टक्के विरुद्ध १८ टक्के. हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. वर्षानंतर पुन्हा पाहिलं तर धोक्याखाली आलेले ५४ टक्के आणि ३२ टक्के. चार बैठकांचा परिणाम वर्षभर टिकला, एवढंच नाही, अंतर वाढलं.

दिल्लीच्या एम्सच्या व्यसनोपचार केंद्राने केलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार (२०१९ चा अहवाल) देशात १० ते ७५ वयाचे सुमारे १६ कोटी लोक दारू पितात, त्यातल्या ५ कोटी ७० लाखांना मदतीची गरज आहे. आणि जे पूर्ण अवलंबून आहेत त्यांच्यातही ३८ जणांत एकालाच काही ना काही उपचार मिळतात. एवढ्यांना पुरतील इतके तज्ज्ञ आपल्या हयातीत तयार होणार नाहीत. मग आशाताई, गटप्रवर्तक, निवृत्त शिक्षक, गावातली शहाणीसुरती माणसं यांना हे काम का शिकवू नये? या क्षेत्रातल्या, त्यातून गेलेल्या, घरात हे सोसणाऱ्या सगळ्यांनी बोलावं अशी विनंती.

---

विदर्भवारा

लेख आवडला. पण एक शंका. दारू पिणारा माणूस 'किती घेतली' याचं खरं उत्तर देतो यावर माझा विश्वास नाही. ही टक्केवारी त्यांच्याच तोंडून घेतलेली ना?

---

आंबोलीघाट

@विदर्भवारा, हो, त्यांच्याच तोंडून. पण दोन्ही गटांना तेच प्रश्न, आणि विचारणाऱ्याला कोण कुठल्या गटातला हे माहीत नव्हतं. लपवाछपवी दोन्हीकडे सारखीच धरावी लागेल. समुपदेशन झालेल्याला 'आता बरं काहीतरी सांगावं' असं वाटू शकतं, तेवढी जागा मात्र उरते.

लेखात राहिलेल्या दोन गोष्टी सांगते. जे पीतच राहिले, त्यांचं रोजचं पिण्याचं प्रमाण समुपदेशनाने कमी झालेलं दिसलं नाही. ज्यांनी थांबवली त्यांनी थांबवली. आणि बायकोला होणाऱ्या मारहाणीत दोन गटांत फरक सापडला नाही. मला ही दुसरी गोष्ट फार लागली. 'दारू सुटली की मारणं सुटेल' असं आपण बायकांना सांगत आलोय. मारहाणीसाठी वेगळं काम करावं लागतं, पोलिसांत, कायद्यात आणि घरातही.

---

डॉ_सह्याद्री

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. धागा महत्त्वाचा आहे. हिशेब मांडण्याबद्दल थोडं लिहितो, कारण पेशंट इथेच सगळ्यात जास्त चकतात.

साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल म्हणजे एक माप. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्की-रमचा ३० मिलीचा पेग बरोबर तेवढा भरतो. म्हणजे एक क्वार्टर (१८० मिली) ही सहा मापं. आता ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअर घ्या, ६५० मिलीची बाटली. त्यात चार मापं येतात. 'मी दारू पीत नाही डॉक्टर, दोन बिअर फक्त' म्हणणाऱ्याने क्वार्टरपेक्षा जास्त घेतलेली असते. कागदावर हे गणित त्याच्याच हाताने करून घेतलं की चेहरा बदलतो. मला त्यानंतर काही सांगावं लागत नाही.

---

अबोली_७

पहिल्यांदाच लिहिते आहे. मिस्टर रोज एक क्वार्टर घेतात, सुट्टीच्या दिवशी दीड-दोन. सकाळी हात थरथरतात, चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. थोडी घेतली की थांबतात. आता ते स्वतःहून म्हणतायत की सोमवारपासून पूर्ण बंद. सासूबाईंनी कुठूनतरी पुडी आणली आहे, भाजीत न सांगता घालायची. ते सोमवारी थांबणार म्हणून घरात सगळे खूश आहेत. मला भीती वाटते पण नक्की कशाची ते कळत नाही.

---

डॉ_सह्याद्री

अबोलीताई, तुमची भीती अगदी योग्य आहे. कृपया हे आजच घरी वाचून दाखवा.

सकाळी हात थरथरणं आणि घेतल्यावर थांबणं याचा अर्थ शरीराला दारूची सवय झाली आहे. मेंदूला शांत ठेवणारी दारू अचानक काढली की मेंदू बेफाम उत्तेजित होतो. शेवटच्या पेगनंतर सहा-आठ तासांत थरथर, घाम, मळमळ. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भास होतात, दिवस-रात्र कळेनासं होतं, ताप चढतो. ही अवस्था जीवघेणी असते. म्हणून त्यांनी घरी, एकट्याने, एकदम बंद करू नये. सोमवारचा निश्चय मोडू नका, फक्त तो दवाखान्यात पार पाडा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. तिथे थरथर आणि फिट रोखणाऱ्या गोळ्या काही दिवस देऊन कमी करत नेतात. यकृत कसं आहे ते पाहून गोळी निवडतात. बी-१ ची इंजेक्शनंही देतात. ती चुकवू नका, या जीवनसत्त्वाच्या अभावाने स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. सलाइनमधून साखर देण्याआधी बी-१ दिलं जाणं महत्त्वाचं.

आणि ती पुडी फेकून द्या. त्यात काय आहे ते कोणालाच माहीत नाही. असल्या पुड्यांत कधीकधी डायसल्फिराम सापडतं. ते १९४८ पासून वापरात असलेलं खरं औषध आहे, पण पेशंटला सांगून, तपासण्या करून द्यायचं. ते पोटात असताना दारू घेतली तर तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. न सांगता दिलं तर माणूस मरूही शकतो. आणि उद्या त्याला कळलं तर घरच्या जेवणावरचा त्याचा विश्वास उडेल.

---

अबोली_७

धन्यवाद डॉक्टर. सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या रडल्या, पण पुडी माझ्या हातात दिली.

---

आजचा_दिवस

अबोलीताई, मी त्या बाजूने आलेला माणूस आहे. बरीच वर्षं झाली थांबवून. मिस्टरांना सांगा, दवाखान्यातून आल्यावर जवळच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगला जा. फी नाही, नाव-गाव विचारत नाहीत. महाराष्ट्रात मराठीतून चालणाऱ्या मीटिंग जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. तुमच्यासाठी अल्-अ‍ॅनॉन आहे, तिथे फक्त घरची माणसं बसतात. माझी बायको माझ्याआधी तिथे जायला लागली होती.

आंबोलीघाट यांच्या लेखाशी सहमत आहे, एका गोष्टीची भर घालतो. न शिकलेल्या माणसाने मदत करायची ही कल्पना आमच्याकडे १९३५ पासून आहे. एका दारुड्याने दुसऱ्या दारुड्याशी बोलायचं. पुष्कळ वर्षं डॉक्टर मंडळी म्हणायची, याला पुरावा काय? तर २०२० मध्ये वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यास आणि दहा हजारांवर माणसं यांचा आढावा घेतला. मीटिंगकडे वळवणारे, ठरीव पद्धतीने दिलेले उपचार घेतलेल्यांपैकी वर्षानंतर पूर्ण थांबलेले साधारण ४२ टक्के, इतर मानसोपचार घेतलेल्यांत ३५ टक्के. म्हणजे निदान बरोबरीचं, थोडं सरसच.

---

माळरानफूल

सगळे दारूबद्दलच बोलत आहेत. मी कोल्हापूर भागातली आरोग्यसेविका. आमच्याकडे बायका सकाळी उठून मशेरी लावतात. सासू लावते म्हणून सून, पोटुशी असताना मळमळ थांबते म्हणून, दात दुखतो म्हणून. त्याला कोणी व्यसन म्हणतच नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ३.८ टक्के आणि तंबाखू खाणारे-चोळणारे २४.४ टक्के निघाले. आपलं व्यसन धुराचं नाही, तोंडातलं आहे. सरकारी जाहिरातीत मात्र सिगारेट दिसते. गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, मशेरी घरच्या तव्यावर भाजली जाते, तिला कोण बंदी घालणार?

माझा अनुभव असा की 'कॅन्सर होईल' सांगून बाई थांबत नाही. 'बाळाचं वजन कमी भरेल' म्हटलं की थांबते. बाळंतपणानंतर पुन्हा सुरू होते. तिथे तिला धरून ठेवायला माणूस हवं. गोव्यातल्यासारख्या चार बैठका मशेरीसाठी कोणी करून बघाव्यात अशी माझी मनापासून इच्छा आहे.

---

विदर्भवारा

सगळे उपचारांवर बोलताय, पण माझ्या मते नळ चालू ठेवून फरशी पुसणं आहे हे. दुकानं वाढवायची, सरकारने महसूल घ्यायचा आणि मग समुपदेशक नेमायचे. आमच्या गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. बायकांनी, आदिवासी गावांनी मागून घेतलेली. वर्ध्यात त्याच्याही आधीपासून. चंद्रपुरात २०१५ ला झाली आणि २०२१ ला उठवली. कारण दिलं की चोरटी दारू वाढते. मग ती पकडायची कोणी?

---

गोदाकाठ

विदर्भवारा, मी चंद्रपूरला नोकरीला होतो. बंदी असताना दारू मिळत होती, दुप्पट-तिप्पट भावाने, शाळकरी पोरांच्या दप्तरातून. कागदावरची बंदी गरिबाच्या खिशातून जास्त पैसे काढते. बंदीला माझा विरोध आहे असं समजू नका, पण ती राबवायची ताकद नसेल तर ती फसते.

---

विदर्भवारा

म्हणूनच गडचिरोलीचा पुढचा भाग सांगायला हवा. गडचिरोलीतल्या 'सर्च' या संस्थेच्या डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या पुढाकाराने २०१६ पासून तिथे 'मुक्तिपथ' चालू आहे. नुसती बंदी नाही. गावागावात संघटना, ग्रामसभेचे ठराव, विक्रीवर अंमलबजावणीसाठी प्रशासनाशी सांगड, आणि तालुक्याच्या ठिकाणी व्यसनींसाठी उपचाराची सोय. दारू आणि तंबाखू दोन्हींवर. गावाने ठरवलं तर विक्रेत्याला गावात उभं राहता येत नाही, हे मी बघितलंय. एकट्या माणसाला सोमवारी थांबायला सांगायचं आणि त्याच्या दारात दुकान ठेवायचं, हे मला अन्यायाचं वाटतं.

---

आंबोलीघाट

@विदर्भवारा, तुमचं म्हणणं मला पटतं आणि ते माझ्या लेखात यायला हवं असंही वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये ज्या पाच उपायांवर भर दिला त्यात किंमत वाढवणं, उपलब्धता आवळणं, जाहिराती रोखणं, पिऊन गाडी चालवणाऱ्यांना पकडणं हे आहे, आणि पाचवा उपाय दवाखान्यात विचारपूस करून छोटे उपचार देणं हा. पाचही एकत्र. गोव्यात तर दारू स्वस्त आणि जागोजागी, तरीही त्या चार बैठकांनी फरक पडला. उपलब्धता कमी असती तर तो किती पडला असता याचा विचार मी नेहमी करते.

---

खडूफळा

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक. दर २६ जूनला अंमली पदार्थविरोधी दिन येतो. प्रभातफेरी, पोस्टर स्पर्धा, शपथ, फोटो अपलोड. याचा काही उपयोग होतो का, कोणी सांगेल का? मला मनापासून जाणून घ्यायचं आहे, कारण सातवी-आठवीतल्या काही मुलांच्या खिशात मला सुपारीच्या पुड्या दिसतात.

---

डॉ_सह्याद्री

गुरुजी, प्रश्न फार चांगला विचारलात. नुसत्या भीतीने आणि माहितीने फारसं होत नाही. अमेरिकेत १९८३ पासून पोलिसांनी वर्गात येऊन शिकवायचा 'डेअर' कार्यक्रम प्रचंड पसरला, आणि अभ्यासांचा एकत्र आढावा घेतल्यावर व्यसनावरचा परिणाम नगण्य निघाला.

पण शाळेत काही होतच नाही असं नाही. २००४ ते २००६ या काळात दिल्ली आणि चेन्नईतल्या ३२ शाळांत सहावी आणि आठवीच्या मुलांबरोबर 'मैत्री' प्रकल्प झाला. वर्गातल्याच मुलांना गटप्रमुख करून चर्चा, खेळ, पालकांसाठी घरी न्यायची पत्रकं, तंबाखू कंपन्या आपल्याला कसं गाठतात याची ओळख. दोन वर्षांत जिथे कार्यक्रम नव्हता तिथे तंबाखूचा वापर ६८ टक्क्यांनी वाढला, जिथे होता तिथे १७ टक्क्यांनी कमी झाला. पुडी सापडलेल्या मुलाला सर्वांसमोर उभं करू नका. त्यालाच गटप्रमुख करता आलं तर बघा.

---

खडूफळा

हे करून बघण्यासारखं आहे. माझ्या डोक्यात नेमका एक मुलगा आहे. आभार.

---

न्यायतुला

वकील आहे, एका गोष्टीबद्दल सावध करते. 'घरातून उचलून नेतो, सहा महिन्यांनी सोडतो' अशी हमी देणारी केंद्रं आहेत. अशाच एका ठिकाणी माझ्या मावसभावाला साखळीने बांधून ठेवलं होतं, घरच्यांना भेटू देत नव्हते. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ नुसार दारू आणि मादक पदार्थांच्या वापराशी निगडित मानसिक अवस्था मानसिक आजारात मोडतात. म्हणजे तसे पेशंट ठेवणाऱ्या केंद्राला नोंदणी हवी. साखळीने बांधायला या कायद्यात स्पष्ट मनाई आहे. संमती नसताना भरती करायची असेल तर त्याला अटी आहेत, आणि ती पहिल्यांदा तीस दिवसांपुरतीच. केंद्र निवडताना नोंदणी विचारा, डॉक्टर रोज येतात का विचारा, पेशंटशी फोनवर बोलता येईल का विचारा. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर तिथून निघा.

गर्द (ब्राऊन शुगर), एमडी (मेफेड्रोन) वगैरे घेणाऱ्या मुलांचे पालक पोलिसांच्या भीतीने उपचार लांबवतात. एनडीपीएस (अंमली पदार्थविरोधी) कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये, स्वतःसाठी थोडा साठा बाळगल्याचा किंवा सेवनाचा आरोप असलेल्या आणि स्वेच्छेने मान्य ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनीला खटल्यापासून संरक्षणाची तरतूद आहे. वकिलाला विचारून उपचार लवकर सुरू करा.

---

आजचा_दिवस

न्यायतुला यांच्याशी शंभर टक्के सहमत. चांगली केंद्रंही आहेत हे त्याच दमात सांगू द्या. पुण्यात गर्दने थैमान घातलं तेव्हा १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुलंच्या मदतीने 'मुक्तांगण' उभं केलं. तिथे बरे झालेलेच पुढे कार्यकर्ते झाले. मला पहिल्यांदा 'बस, चहा घे' म्हणणारा माणूस असाच, माझ्यासारखाच होता.

---

अबोली_७

बऱ्याच दिवसांनी आले. मिस्टर सिव्हिलला भरती झाले होते. दुसऱ्या रात्री त्यांना भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या. घरी असतो तर काय झालं असतं. आता घरी आहेत, कामावर जातात. यकृताची तपासणी करून नॅलट्रेक्सोन ही तलफ कमी करणारी गोळी सुरू केली आहे. एका मीटिंगलाही जाऊन आले.

आता वेगळीच अडचण. पुढच्या आठवड्यात पुतण्याचं लग्न. हळदीच्या रात्री आमच्याकडे भाऊबंद बसतात आणि न घेणाऱ्याला सोडत नाहीत. चुलत दीर म्हणतायत, 'एका पेगने काय होतंय.' काय करू?

---

आंबोलीघाट

अबोली, सगळ्यात आधी, तुम्ही दोघांनी फार मोठं काम केलंत. आता काय करायचं ते तू ठरवू नकोस, त्यांना ठरवू दे. गोव्याच्या त्या बैठकांत हेच करायचे: प्रसंग आधी कागदावर आणायचा. कोण आग्रह करेल, तो काय म्हणेल, मी नेमकं कोणतं वाक्य बोलेन, तरी ऐकलं नाही तर कुठून बाहेर पडेन. ते वाक्य दोन-तीनदा मोठ्याने म्हणून बघायचं. आणि हळदीला गेलंच पाहिजे का, हाही प्रश्न विचारायचा.

---

आजचा_दिवस

मी पहिल्या वर्षी एकाही हळदीला गेलो नाही. नातेवाईक रुसले आणि नंतर विसरले. त्या संध्याकाळी मीटिंग असेल तर तिथे जाऊ दे त्यांना. 'एका पेगने काय होतं' याचं उत्तर आमच्या मीटिंगमधला प्रत्येक माणूस देऊ शकेल.

---

अबोली_७

काल रात्री आम्ही दोघांनी बसून लिहून काढलं. ते स्वतःच म्हणाले, हळदीला येत नाही, लग्नाला थेट मुहूर्तावर येतो. चुलत दिरांना त्यांनीच फोन करून सांगितलं, 'डॉक्टरांची गोळी चालू आहे, मला आग्रह करू नका.'

---

डॉ_सह्याद्री

उत्तम. गोळीचं एक लक्षात ठेवा. नॅलट्रेक्सोन चालू असताना ट्रॅमाडॉल किंवा कोडीनसारखी अफूच्या वर्गातली औषधं चालत नाहीत. दातदुखी, अपघात, ऑपरेशन, काहीही असलं तरी समोरच्या डॉक्टरला आधी ही गोळी चालू आहे हे सांगा, त्यांच्या पाकिटात चिठ्ठी ठेवा. औषधाने किती फायदा होतो हेही सांगतो, म्हणजे अवास्तव अपेक्षा राहणार नाही: साधारण अकरा-बारा जणांना दिलं तर औषधाशिवाय पुन्हा जोरात प्यायला लागला असता असा एक जण वाचतो. म्हणून गोळीबरोबर मीटिंग किंवा समुपदेशन चालू राहू दे. मध्ये कुठे अडलात आणि कोणाशी बोलायचं झालं तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६ हे दोन्ही सरकारी क्रमांक मोफत आहेत.